बोईसरचे मैदान

रविवारी विरारहून डहाणू लोकल धरली. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. विहारात मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे होते. ते काम आटोपल्यावर एका बांधवांच्या घरी जेवलो. ते तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. गेले तर हजेरी, नाही तर खाडा.

"भाऊ, आमच्या पोराची बॉलिंग बघून जा," ते म्हणाले.

मैदान म्हणजे कारखान्यांमागची मोकळी जागा. एका अंगाला ट्रक उभे, दुसऱ्या अंगाला नाला, आणि हवेत तो ओळखीचा केमिकलचा वास. टेनिस बॉलवर सामना चालला होता. चौदा वर्षांच्या त्या पोराने माझ्यासमोर दोघांच्या दांड्या उडवल्या.

गेल्या वर्षी तो मुंबईला निवड चाचणीला गेला होता. मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द डहाणूपर्यंत आहे, पण नावाजलेली मैदाने पार चर्चगेटकडे, इथून शंभर किलोमीटरवर. सकाळी सातला हजर राहायचे म्हणून बापलेक आदल्या रात्रीच गेले आणि परळला नातेवाइकांच्या चाळीत गॅलरीत झोपले. दोन दिवसांचा खाडा पडला. मैदानावर पोराच्या हातात लेदर बॉल दिला. जन्मात पहिल्यांदाच. शिवणीवर बोटे कशी ठेवायची हे कळेपर्यंत सहा चेंडू संपले, पुढचा आला.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, जमाखर्च मांडायची खोड आहे. बूट, पॅड, शिबिराची फी, पास, बाहेरचे खाणे. चांगली इंग्लिश विलो बॅट वीस-पंचवीस हजारांच्या घरात जाते. वडील हसून म्हणाले, "बरं झालं भाऊ, हा बॉलर निघाला."

याच पट्ट्यातून शार्दूल ठाकूर भारतीय संघात गेला. 2021 च्या जानेवारीत ब्रिस्बेनला 67 धावा आणि सात बळी. शेतकऱ्याचा मुलगा, किट खांद्यावर टाकून पालघरहून लोकलने जायचा. पण बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या शाळेत घेतले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले, हे विसरू नये. रोहित शर्माची फीसुद्धा लाडसरांनीच माफ करवून घेतली होती. असे घर किती पोरांना मिळणार?

आपल्याकडे ही गोष्ट जुनी आहे. पळवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखायला होते. साहेबांना सराव हवा म्हणून त्यांच्या हाती चेंडू आला, बॅट नाही. त्याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद जातीमुळे मिळाले नाही.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही फुटबॉल शिकायला क्लबांना वर्षाला हजारो डॉलर मोजावे लागतात. एका चेंडूचा खेळ, पण गरिबाचे पोर तिथेही कुंपणाबाहेर राहते. फरक एवढाच, की ते कुंपण निदान सुबक असते.

निघताना पोराने हळूच विचारले, "काका, जुना सीझन बॉल मिळेल का कुठे?"

आमच्या कचेरीच्या संघाकडून चार मिळाले आहेत. दोघांची शिवण उसवली आहे. येत्या रविवारी घेऊन जातो.