नववा हात

नोकरीच्या निमित्ताने मी आटपाडीत सतरा वर्षे काढली. वसईच्या हिरव्या वाड्यांतून गेलेल्या माणसाला माणदेशातले पहिले वर्ष शिक्षेसारखे वाटते, तसे मलाही वाटले. पुढे त्या उघड्याबोडक्या माळाची सवय झाली. कार्तिकातल्या यात्रेत भरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजाराची, डाळिंबाच्या बागांची, चार घागरी पाण्यासाठी बोलल्या जाणाऱ्या गोड बोलीचीही सवय झाली. रविवारच्या मिस्साला जायचे म्हणजे पहाटेची एस.टी. धरावी लागे. बाकी सहा दिवस मी त्या गावचाच होतो. म्हणूनच असेल, शिक्षक व सेवकांच्या एका छोट्या पतसंस्थेवर लोकांनी मला संचालक म्हणून निवडून दिले, आणि अक्षर बरे आहे एवढ्या एका कारणावरून मानद सचिवाची वही माझ्या हाती आली.

या वहीतल्या एका पानाविषयी मला लिहायचे आहे. साल २००३. तो दुष्काळाचा काळ होता. तालुक्यात जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. आमच्या संस्थेच्या कारकुनाकडे महिनाअखेरीस रोकड चार हजार आठशे रुपयांनी कमी भरली. विचारले तेव्हा त्याने कबूल केले की घरच्या अडचणीसाठी रक्कम उचलली, आठवड्यात भरणार होतो. दोन शेळ्या विकून त्याने ती दुसऱ्या दिवशी भरलीही. संस्थेचे नुकसान शून्य. प्रश्न उरला विश्वासाचा. त्याला कामावरून कमी करावे, असा ठराव संचालक मंडळापुढे आला.

मंडळ अकरा जणांचे. दोघे गैरहजर, म्हणजे सभेला नऊजण. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. ते निवृत्त मुख्याध्यापक होते, आणि आमच्या पोटनियमांप्रमाणे अध्यक्षाने एरवी मत द्यायचे नाही, समसमान मते पडली तरच निर्णायक मत द्यायचे, अशी पद्धत होती. याखेरीज टेबलाच्या कोपऱ्यात हिशेबाचे जाणकार असे एक निमंत्रित सल्लागार बसत. त्यांना बोलायचा अधिकार होता, मताचा नव्हता. थंडीचे दिवस, दिवे गेलेले, कंदिलाच्या उजेडात शाली पांघरून बसलेली माणसे. दीड तास वाद झाला. मग अण्णा म्हणाले, “हात वर करा.” मी मोजले: बाजूने पाच. “विरुद्ध?” मी माझा डावा हात वर केला, उजव्या हातातल्या पेन्सिलीने मोजले: चार. अण्णांनी ठराव मंजूर झाल्याचे जाहीर केले. त्याच संध्याकाळी पत्र टाइप होऊन माझ्या सहीने गेले.

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो. हजेरीपत्रकावर नऊ सह्या, मते नऊ. सगळे जमले होते. पाच आणि चार नऊ. मी ‘बहुमताने’ हा शब्द लिहिला आणि थांबलो. सभा डोळ्यांसमोर आणली तेव्हा अण्णांचे दोन्ही हात दिसत होते: एकात अडकित्ता, दुसऱ्यात सुपारी. त्यांनी हात वर केलाच नव्हता. त्यांना वगळले तर मत देणारे आठच उरतात. मग नववा हात कोणाचा?

चूक लपली होती ती बेरीज बरोबर आल्यामुळेच. नऊ सह्या आणि नऊ मते हे आकडे एकमेकांना टाळी देत होते आणि मी त्यांच्यावर विसंबलो होतो. सल्लागारांची सही हजेरीपत्रकावर नसे.

आता खरे सांगायचे तर त्या रात्री सर्वांत सोपा मार्ग माझ्याच हाती होता. इतिवृत्तात आकडे लिहिलेच पाहिजेत असे कोणी म्हणत नव्हते. ‘चर्चेअंती ठराव बहुमताने मंजूर’ एवढे लिहिले की पान पूर्ण. पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय चहा येण्यापूर्वी संपतो, हे सभांना जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि दुसरी अडचण याहून नाजूक होती. मी ठरावाच्या विरुद्ध होतो. मोजणी चुकली असे म्हणायला मी उठलो, तर ‘आपले मत पडले म्हणून गडी आकडे खोटे ठरवतो’ असेच लोक म्हणणार. मोजणाराच मतदार होता, हीदेखील एक चूकच होती, आणि तीही माझीच.

सकाळी आधी सल्लागारांकडे गेलो. त्यांनी निर्मळपणे सांगितले, “हो, मी हात वर केला होता. इतकी वर्षे तुमच्यात बसतोय.” कोणत्या बाजूने? ठरावाच्या. म्हणजे खरी मते चार आणि चार. सभेच्या सर्वमान्य रीतीप्रमाणे समसमान मते म्हणजे ठराव फेटाळला गेला. अध्यक्षाने निर्णायक मत घातले तरच वेगळे. आणि अण्णांना तर ते कोणी विचारलेच नव्हते.

अण्णा अंगणात ऊन खात बसले होते. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “एवढंच ना सर? मग माझं मत आत्ता घ्या. कमी करा म्हणतो मी. लिहून टाका पाच-चार. आकडाबी बदलायला नको.”

मी म्हटले, “अण्णा, अंगणात दिलेलं मत सभेचं होत नाही.”

ते चिडले. त्यांचे चिडणे मी समजू शकत होतो. सत्तरीच्या माणसाला आपल्या अध्यक्षपदाखाली गफलत झाली हे ऐकायला आवडत नाही. पण बराच वेळ गप्प राहून त्यांनी एक वेगळीच गोष्ट काढली. आटपाडी हा औंध संस्थानचा मुलूख. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने २१ जानेवारी १९३९ रोजी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. गावोगाव निवडलेल्या पंचायती आल्या, त्यांच्या वर तालुक्याच्या सभा आल्या. हिंदुस्थान स्वतंत्र होण्याला अजून आठ वर्षे होती. अण्णांचे वडील त्या काळी गावचे पंच होते. ते सांगत की पहिल्या पहिल्या सभांतून माणसे पाटलाकडे बघून हात वर करीत, आणि पाटलाने डोके खाजवायला हात उचलला तरी चार हात वर जात. अण्णा हसले. “आमचा म्हातारा म्हणायचा, मेंढरं कळपात मोजू नयेत. मेंढवाड्याच्या तोंडातनं एकेक काढावं आन् मोजावं.”

या म्हाताऱ्याने हेन्री रॉबर्टचे नाव ऐकलेले असणे शक्य नाही, पण दोघांचे जमले असते. रॉबर्ट हा अमेरिकन सैन्यातला इंजिनीअर. १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड गावी एका चर्चच्या सभेचे अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडले आणि सभा कशी चालवावी हे ठाऊक नसल्याने त्याची फजिती झाली. त्या शरमेपायी त्याने अभ्यास केला, आणि १८७६ मध्ये सभानियमांचे पुस्तक छापले. ते आजही जगभर चालते. त्यातली रीत शहाणपणाची आहे. निकाल जाहीर होईपर्यंत सभासदाला आपले मत बदलता येते. जाहीर झाल्यावर मात्र सर्वांच्या संमतीशिवाय नाही. हातांच्या मोजणीबद्दल शंका असेल तर कोणीही तेथल्या तेथे उभे राहून मोजण्याची मागणी करू शकतो. पण ज्याला मताचा अधिकारच नाही त्याचे मत मिसळले आणि त्याने निकाल फिरला असण्याचा संभव असेल, तर ते मतदानच रद्द. म्हणजे आपल्या मनातली चूक आणि मोजणाऱ्याची चूक यांत त्याने फरक केला आहे. पहिलीचे ओझे ज्याने त्याने वाहावे. दुसरी सगळ्या सभेची असते.

आपल्या लोकसभेतही यंत्रावर मतविभाजन झाले की अध्यक्ष आकडे वाचण्यापूर्वी ‘दुरुस्तीच्या अधीन राहून’ असे म्हणतात, कारण कोणी चुकीचे बटण दाबलेले असते, कोणाचे दाबलेलेच नसते, आणि त्यांना चिठ्ठीवर आपले मत नोंदवण्याची सोय असते. मला हे शब्द फार आवडतात. एकेका मताला किती किंमत येऊ शकते ते संस्थानिकांना तरी चांगले ठाऊक असावे. सप्टेंबर १९७० मध्ये त्यांचे तनखे बंद करणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ मतांनी पडले; हजर राहून मत देणाऱ्या २२४ जणांचे दोन तृतीयांश १४९ हून किंचित जास्त भरतात, म्हणून. एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने! तनखे गेले ते पुढच्या वर्षी.

आमचे ठरले ते असे. पानावर खाडाखोड करायची नाही. झाले तसे सगळे लिहायचे, नवव्या हातासह. विशेष सभेची नोटीस काढायची, कारकुनाला गेलेले पत्र स्थगित झाल्याचे कळवायचे, आणि सभेत इतिवृत्त कायम करण्यापूर्वी अध्यक्षांनीच चूक सांगायची. नोटीस फिरली आणि अपेक्षेप्रमाणे बोलणी सुरू झाली. एका संचालकाने मला बाजारपेठेत गाठून विचारले, “त्या पोराचा एवढा पुळका का?” मी म्हणालो, पुळका आहेच. पण चुकीचे मत उलट बाजूला पडले असते तर मी उठलो असतो का, हे त्याने विचारले नाही आणि मीही स्वतःला फार विचारले नाही. आजही त्याचे उत्तर मला खात्रीने देता येत नाही.

गावाबाहेर थोड्या अंतरावर स्वतंत्रपूर आहे. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये वसवलेली ती कैद्यांची मुक्त वसाहत. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनीअरची. शिक्षा झालेली माणसे तेथे भिंतींवाचून शेती करीत; शेजारच्या माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून लिहिलेल्या कथेवर १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. संध्याकाळी त्या बाजूला फिरायला जाताना मनात येई, खुनाची शिक्षा भोगणाऱ्यांवर ज्या मातीने विश्वास टाकला तिथे आम्ही चार हजार आठशे रुपयांसाठी कंदील धरून हात मोजतो आहोत. पण पैसा सभासदांचा होता, हेही खरे, आणि ठरावाच्या बाजूची माणसे दुष्ट नव्हती.

विशेष सभेला अण्णा उभे राहून बोलले. “मागच्या खेपेस मोजणी चुकली. मी विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही.” माझे नाव त्यांनी घेतले नाही. सल्लागार स्वतः उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पूर्वी गैरहजर असलेल्या दोघांपैकी एकजण आले होते. त्यांनी मत द्यावे काय, यावर अर्धा तास गेला. आधीचे मतदानच रद्द, तेव्हा ठराव नव्याने मांडला जातो आणि हजर असलेला प्रत्येकजण त्यावर मत देतो, असा निर्णय अण्णांनी दिला. आठाचे नऊ झाले. चिठ्ठ्या वाटल्या. मोजायला दोन्ही बाजूंचा एकेकजण बसला, आणि मी हात बांधून पाहत राहिलो. आधी चिठ्ठ्या मोजल्या: नऊ. मगच उघडल्या. बाजूने पाच, विरुद्ध चार.

तेच आकडे! कोणीतरी हसले, आणि लगेच गप्प झाले.

त्या मे महिन्यात घरी गेलो असता आमच्या फादरांना ही हकिकत सांगितली. त्यांनी कपाटातून १९८३ ची कॅनन संहिता काढून १७३ वे कलम दाखवले. मतमोजणीसाठी निदान दोन तपासनीस हवेत. त्यांनी आधी चिठ्ठ्यांची संख्या मतदारांच्या संख्येशी ताडून पाहावी. चिठ्ठ्या मतदारांहून जास्त भरल्या तर काहीच झाले नाही असे समजावे. १७१ वे कलम आणखी बारीक आहे: अपात्र माणसाने मत दिले तर ते मत बाद, पण निवडणूक तेवढ्याने बाद होत नाही, त्या मतावाचून निवडलेल्याला पुरेशी मते मिळाली नसती हे दिसून आले तरच होते. १९९६ मध्ये पोपमहोदय जॉन पॉल दुसरे यांनी कॉन्क्लेव्हसाठीही असाच नियम घालून दिला: चिठ्ठ्यांची संख्या जुळली नाही तर सगळ्या जाळाव्यात आणि लगेच पुन्हा मतदान घ्यावे. मार्च २०१३ मध्ये हे खरोखर घडले म्हणतात. ११५ कार्डिनल आणि चिठ्ठ्या ११६. एकीला दुसरी कोरी चिकटलेली. फेरी रद्द झाली, आणि पुढच्या फेरीत फ्रान्सिस पोप झाले. ही बातमी वाचली तेव्हा मला कंदिलाच्या उजेडातली आमची सभा आठवली आणि थोडे हसूही आले. सिस्टीन चॅपेलमध्ये दिवे तरी होते.

दुसरे पत्र मी टपालाने पाठवले नाही. सायकल काढून स्वतः त्याच्या वाडीवर गेलो. वाटेत छावणीतली जनावरे दिसत होती. तो दारातच बसला होता. पत्र वाचून त्याने घडी घातली आणि विचारले, “आकडा किती, सर?”

“पाच आणि चार.”

“मागच्या खेपंलाबी एवढाच हुता न्हवं?”

“होता. पण तो चुकीचा होता.”

“आन् ह्यो?”

“हा दोघांनी मोजलाय. चिठ्ठ्यासुद्धा आधी मोजल्या.”

तो बराच वेळ माळाकडे बघत राहिला. मग पत्र खिशात घालून आत तोंड करून म्हणाला, “च्या टाका सरांस्नी.” गाय छावणीत होती. चहा कोराच आला.