रेघेखालचं अक्षर

तिकिटं जमवायचा नाद लागला त्या वयात ‘कॅन्सल’ हा शब्द भेटला. पाकिटाचा तुकडा पाण्यात भिजवायचा, तिकीट अलगद सोडवून वर्तमानपत्रावर वाळवायचं आणि शिक्क्यातलं गाव, तारीख लावत बसायचं. शिक्का बसला की तिकीट कॅन्सल झालं. इंग्लंडात १८४० साली निघालेल्या पेनी ब्लॅक या पहिल्या टपाल तिकिटावर लाल शिक्का मारत. तो पुसून तिकीट पुन्हा वापरता येई. म्हणून पुढच्याच वर्षी शिक्का काळा झाला आणि तिकीट तांबडं.

या क्रियापदाचं मूळ लॅटिन. ‘कान्केली’ म्हणजे जाळी, गजांचा कठडा. मजकूर बाद करताना त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढत, त्यांची जाळी होई. त्या कृतीचं नाव ‘कान्केलारे’. न्यायासनापुढच्या अशाच कठड्यापाशी उभा राहणारा सेवक तो ‘कान्केलारिउस’. त्याचा हुद्दा शतकानुशतकं चढत गेला आणि जर्मनीचा चॅन्सेलर झाला, विद्यापीठांचा कुलपतीही झाला. क्रियापद मात्र फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि कागदावरून हळूहळू सुटलं. आधी रेघ मारणं, मग करार मोडणं, पुढे बेत, गाड्या, लग्नं रद्द करणं.

बँकेत नोकरीला लागल्यावर मला त्याचा जुना अर्थ रोज दिसू लागला. कॅन्सल केलेल्या चेकवर दोन तिरप्या रेघा असतात. पण खातं क्रमांक, आयएफएससी कोड, नाव, सगळं स्वच्छ वाचता येतं. तसं वाचता येतं म्हणूनच तो चेक खात्याचा पुरावा म्हणून चालतो. खतावणीतही हीच शिस्त होती: चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. खाडाखोड चालत नसे. चूक झाली हे दिसलं पाहिजे, ती कोणी सुधारली हेही दिसलं पाहिजे.

अलीकडे माणसंही कॅन्सल होतात. एखाद्याचं बोलणं निषेधार्ह असतं, त्याचा निषेध व्हायलाच हवा. पण त्याबरोबर त्याचं आधीचं सगळं काम पुसून टाकण्याची घाई मला पटत नाही. जे पुसलं, त्याचा जाब कुणाला विचारणार? चुकीवर रेघ ठामपणे मारावी, खाली आपलं नाव घालावं आणि मूळ अक्षर पुढच्यांना वाचता येईल असं ठेवावं.