मदर्स डे आणि बारा टोमॅटो

डेन्व्हरमध्ये भाजीपाला लावणाऱ्या कुणालाही विचारा, "रोपं बाहेर कधी लावू?" उत्तर ठरलेलं. मदर्स डे झाला की. म्हणजे मे महिन्यातला दुसरा रविवार. २०२२ साली माझी नोकरी नवी होती, भाड्याच्या घराला पहिल्यांदाच मागे अंगण मिळालं होतं आणि मार्चपासून बेसमेंटमध्ये ट्यूबलाइटखाली टोमॅटोची बारा रोपं वाढत होती. मदर्स डे ८ मेला होता. मी (स्वतःला शहाणा समजून) आणखी एक आठवडा थांबलो आणि १५ मेला सगळी जमिनीत लावली. आप्पांना फोटो पाठवला.

आप्पा म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "घाई नाही ना केली?" मी त्यांना सरासरी, आकडे वगैरे ऐकवलं.

तर झालं असं की १९ मेला, गुरुवारी, डेन्व्हरचं तापमान ८८ फॅरनहाइट, म्हणजे ३१ अंश सेल्सिअसवर गेलं. मी हाफ पँटवर रोपांना पाणी घालत होतो. आणि शुक्रवारी बर्फ! इशारा आधीच आला होता, पण उन्हात घाम पुसत बर्फावर विश्वास ठेवायला वेगळं काळीज लागतं. शुक्रवारी ऑफिसातून येऊन धावपळ करत रोपांवर प्लॅस्टिक अंथरलं. शनिवारी सकाळी गल्लीत पालवी फुटलेल्या झाडांच्या फांद्या ओल्या बर्फाच्या वजनाने मोडून पडलेल्या, आणि माझं प्लॅस्टिक थेट रोपांवर बसलेलं. दोन दिवसांनी रोपं उकडलेल्या पालकासारखी दिसत होती. बारापैकी अकरा गेली.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं, आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला. "शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख" याचा अर्थ काय? त्या तारखेनंतर फ्रॉस्ट पडण्याची शक्यता साधारण निम्मी. डेन्व्हरची ही तारीख मेच्या पहिल्या आठवड्यात येते, पण ८ जून २००७ लासुद्धा तिथे पारा गोठणबिंदूखाली गेला होता. ऑफिसात मी दिवसभर लेटन्सीचे आलेख बघतो. तिथे कुणी सरासरीवर क्लायंटला शब्द दिला तर आम्ही त्याला हसतो. आणि घरी येऊन मी सरासरीवर टोमॅटो लावले :-)

अमेरिकेच्या हवामान खात्याचे तक्ते जरा नीट पाहिले तर त्यात ५० टक्क्यांच्या शेजारी १० टक्क्यांचाही रकाना असतो. माझ्यासारख्याने तो पाहावा. बियांच्या पाकिटामागचा झोनचा नकाशा यासाठी कामाचा नाही. हिवाळ्यातली सर्वांत कडक थंडी किती, एवढंच तो सांगतो. शेवटचा फ्रॉस्ट कधी, ते नाही.

रोपं गेली त्या रविवारी आप्पांना फोन केला. "कितीची होती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माती, दिवे सगळं धरून शंभरेक डॉलर. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मग बरंय."

मार्च २०१४ मध्ये नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली तेव्हा माझी दहावीची परीक्षा चालू होती. बाग काढणीला आलेली होती. आप्पांनी मला बागेत येऊ दिलं नाही. "तू पेपर दे," म्हणाले. मी काय शिकायचं हे त्यांनी त्या आठवड्यात ठरवलं असावं. आम्ही यावर कधी बोललेलो नाही. पण बागकामाचं माझं कौतुक ते जरा हात राखूनच करतात, त्याचं कारण मला त्या फोनवर समजलं.

असो. आता मी जरा वेगळं गणित करतो. कोथिंबीर, मेथी, पालक थोडा फ्रॉस्ट सोसतात, ते एप्रिलमध्येच. (धणे वाण्याकडचेच, चपलेखाली रगडून. शेजारच्या अमेरिकन आजी हे बघून थक्क झाल्या होत्या.) मेच्या शेवटी टोमॅटो, तेही सगळे नाहीत, चार रोपं आतच राखीव. भेंडीला तर जमीनच उबदार लागते, ती जूनमध्ये.

पानगळीच्या बाजूने उलटं मोजायचं. तिथे पहिल्या फ्रॉस्टची सरासरी तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. पाकिटावरचे "७५ दिवस" टोमॅटोच्या बाबतीत रोप बाहेर लावल्यापासूनचे असतात, आणि सप्टेंबरात दिवस लहान होत गेले की ते लांबतात. म्हणून ऑगस्टअखेर शेंडे खुडून टाकतो, म्हणजे आहेत ती फळं तरी पिकतील. तरी भरवसा नाहीच. शेजारच्या आजींनी २०२० ची गोष्ट सांगितली. ७ सप्टेंबरला ९३ फॅरनहाइट, दुसऱ्या दिवशी बर्फ.

गेल्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी फोनवर किमान तापमान ३७ फॅरनहाइट दाखवत होतं. गोठणबिंदू ३२, म्हणजे निश्चिंत. आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. इकडे संध्याकाळचे साडेसात, तिकडे सकाळचे सात, हातात चहा. म्हणाले, "आभाळ कसंय?" मी म्हटलं, एकदम मोकळं. "वारं?" पानही हलत नव्हतं. "मग झाकून टाक. आकडा बघू नको."

निफाडला थंडीत पारा अगदी खाली येतो, तेव्हा बागेत रात्री शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक चालू करतात. आप्पांची त्यात हयात गेली. कारण मी नंतर वाचलं. ढग नसले की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, वारा नसला की थंड हवा खाली साचून राहते. हवामान खात्याचा आकडा असतो माणसाच्या उंचीवरच्या हवेचा. पानं त्याहून गार होतात. शिवाय डेन्व्हरचं अधिकृत केंद्र १९९५ पासून शहराबाहेरच्या विमानतळावर आहे, आणि माझं अंगण ओढ्याकाठच्या खोलगट जागेत.

या वेळी प्लॅस्टिक नाही. काठ्या रोवून त्यावर चादरी, पानांना न टेकता, पार जमिनीपर्यंत, कारण ऊब जमिनीतूनच येते. पहाटे वाफ्यातल्या थर्मामीटरवर ३१ होतं. गवत पांढरं झालेलं. आजी ज्याला दहिवर म्हणायची ते. चादरीखालचे टोमॅटो शाबूत. पुढे दोन आठवडे ते पिकत राहिले, आणि उरलेल्या हिरव्यांची शेंगदाणे घालून चटणी केली.

घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं वाफ्यावर गेल्यामुळे त्या रात्री मी मात्र जॅकेट घालून झोपलो होतो.