अर्ज भरण्याआधी वॉर्ड बघा

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "मॅडम, मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणतोय. कॉलेज कुठलं चांगलं?" मग फी, हॉस्टेल, सरकारी नोकरी, परदेश असे प्रश्न ओळीनं येतात. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवत आल्यामुळे या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असतात आणि ती मी देतेही. पण त्याआधी मी एक विचारते : तिनं आजारी माणसाच्या उशाशी कधी रात्र काढली आहे का? हा प्रश्न प्रवेशाच्या कुठल्याही अर्जात नसतो. माझ्या मते सगळ्यात आधी तोच विचारायला हवा.

आपल्याकडे बारावीनंतर नर्सिंगच्या तीन वाटा आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचं, जी.एन.एम. तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. पहिल्या दोन्हींना कला शाखेची मुलंही जाऊ शकतात. बी.एस्सी.साठी विज्ञान शाखा, त्यात जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, शिवाय प्रवेश परीक्षा असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी २० गुण. परीक्षा हवीच, औषधाचा डोस काढताना गणित चुकून चालत नाही. पण पेशंटला उलटी होताना मागे सरकणारी मुलगी आणि किडनी ट्रे घेऊन पुढे होणारी मुलगी, या दोघींना त्या परीक्षेत सारखेच गुण पडू शकतात. हा फरक वॉर्डातच कळतो, आणि तो फी भरण्याआधी कळलेला बरा.

रुग्णांजवळ राहून शिकण्याची रीत जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला गेल्या. त्याआधी, १८५१ मध्ये, घरच्यांचा विरोध पत्करून त्या जर्मनीतल्या कायझरस्वर्थ इथं तीन महिने राहून रुग्णसेवा शिकल्या होत्या. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू झालं आणि पुढे तिथल्या मुली ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा म्हणून तेव्हाच्या पांढरपेशा समाजानं नाकं मुरडली. रमाबाई रानडे त्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. आजही आईवडील आवाज खाली करून विचारतात, "घाण काढावी लागते का हो?" लागते. आणि ते काम कमीपणाचं नाही, हे मुलीला कळण्याआधी घरच्यांना कळायला हवं.

ते समजावताना मी नेहमी बेडसोअरबद्दल सांगते. माणूस एकाच स्थितीत तासन्‌तास पडून राहिला की माकडहाड, टाचा, खुबे, खांदे इथल्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो. आधी तिथं लाली येते. बोटानं दाबल्यावर ती फिकी पडली तर वेळ गेलेली नाही. दाबूनही तशीच राहिली तर कातडीखाली इजा सुरू झाली आहे असं समजायचं. आपल्या सावळ्या कातडीवर ही लाली सहज दिसत नाही. म्हणून हात फिरवून बघावं लागतं : जागा आजूबाजूच्यापेक्षा गरम लागते का, कडक लागते का? वेळेवर लक्षात आलं तर दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीची सुरकुती काढणं, कातडी कोरडी ठेवणं यानं बरंच काही टळतं. दुर्लक्ष झालं तर हाडापर्यंत पोचणारी जखम होते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला. त्यानंतर २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, पाळीमागून पाळी. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या शरीराला बेडसोअर होऊ दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही २०११ च्या निकालात त्या शुश्रूषेचं मनापासून कौतुक केलं. नर्सिंग म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आता अनुभव मिळवायचा कुठे? सगळ्यात जवळची जागा घर. आजी-आजोबा झोपून असतील तर त्यांचं अंग पुसायला शिका. कोमट पाणी घ्यायचं, दार-पडदा लावायचा, अंगावर चादर ठेवून पुसायचा तेवढाच भाग उघडा करायचा. डोळे नाकाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूकडे पुसायचे आणि दुसऱ्या डोळ्याला कापडाचा वेगळा कोपरा वापरायचा. पुसता पुसता पाठ आणि टाचा बघायच्या. हे महिनाभर मन लावून केलेल्या मुलीला पहिल्या वर्षाचा 'नर्सिंग फाउंडेशन' हा विषय परका वाटत नाही.

घराबाहेरही जागा आहेत. वृद्धाश्रम, पॅलिएटिव्ह केअर केंद्रं, धर्मादाय रुग्णालयं यांना मदतीचे हात हवेच असतात. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे वर्ग असतात. 'जनरल ड्यूटी असिस्टंट' हा कौशल्य विकासातला अभ्यासक्रमही चांगला. गावात असाल तर आशाताईंबरोबर चार घरं फिरा. बाळंतिणीच्या घरी त्या काय बघतात, काय विचारतात, ते ऐका.

मात्र मर्यादा पाळा. पाणी देणं, भरवणं, व्हीलचेअर ढकलणं, ओपीडीत वाट दाखवणं, बोलत बसणं, एवढं तुमचं काम. इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग यांना हात लावायचा नाही, कुणी "कर गं" म्हटलं तरी नाही. हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस घ्या. त्यांना सहा महिने लागतात, म्हणून लवकर सुरुवात करा. पेशंटचा फोटो मोबाइलमध्ये घ्यायचा नाही आणि त्याचं दुखणं बाहेर बोलायचं नाही. आणि ड्युटी बदलताना सिस्टर एकमेकींना 'ओव्हर' देतात तेव्हा जवळ उभं राहण्याची परवानगी मागा. कुणाचं लघवीचं प्रमाण कमी झालंय, कोण सकाळपासून जेवलेलं नाही, कुणाचा ताप उतरत नाही : हे नर्सचं बघणं किती बारीक असतं ते तिथं ऐकू येतं.

इथं एक धोक्याची सूचना. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा पाट्या गावोगावी लागलेल्या असतात. अशा प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. घरचं सोनं गहाण टाकून अशा वर्गाची फी भरलेल्या मुली माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. सहायकाचा कोर्स सहायकाचाच असतो. पैसे भरण्याआधी कॉलेजला मान्यता आहे की नाही हे कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा.

परदेशाचं स्वप्न असेल तर हा अनुभव आणखी मोलाचा. अमेरिकेत नर्सिंगला अर्ज करणारी कितीतरी मुलं आधी नर्सिंग असिस्टंट म्हणून काम करतात, आणि अनेक कॉलेजं त्या अनुभवाला वजन देतात. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यानंतर जर्मन भाषेच्या वर्गांना गर्दी झाली आहे. पण तिथं पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं हे नर्सच्या कामातच येतं. आपल्याकडे ते बरंचसं नातेवाईक आणि वॉर्डातल्या मावशी करतात. ज्या मुलीनं ते हलकं मानलं, तिला तिथं पहिल्याच आठवड्यात परत यावंसं वाटेल.

वॉर्ड बघून काही मुलं म्हणतील, हे मला जमणार नाही. त्यांना कुणी बोल लावू नये. त्यांची चार वर्षं वाचली आणि पुढच्या कित्येक पेशंटचा त्रासही वाचला. काही मुलं मात्र थकून घरी येतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला निघतील. त्यात मुलगेही असतील. 'ब्रदर' म्हणून हाक ऐकायला त्यांनी लाजू नये.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयानं आणि नर्सिंग कॉलेजनं बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत पंधरा दिवस इच्छुक मुलांना एका अनुभवी सिस्टरच्या देखरेखीखाली वॉर्डात येऊ द्यावं. त्याला मोठा खर्च नाही. एक नियमावली, एक रजिस्टर आणि एक जबाबदार सिस्टर पुरे. तोवर पालकांनी स्वतः पुढाकार घ्यावा. यंदा घरात कुणी नर्सिंगचा अर्ज भरणार असेल, तर जवळच्या रुग्णालयातल्या मेट्रनना आत्ताच भेटा आणि विचारा : आमच्या मुलीला थोडे दिवस येऊ द्याल का?