कट-ऑफ हे कुणाचं मत?

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल दर उन्हाळ्यात जेवढं बोललं जातं, त्यातलं बहुतेक ‘मिळेल का?’ या प्रश्नाभोवती फिरतं. मी प्रवेश-समुपदेशनाचं काम करतो आणि माझा बराच वेळ त्याच्या पुढच्या प्रश्नात जातो: मिळालेल्यांतलं घ्यायचं कोणतं? बऱ्यापैकी मार्क असलेल्या मुलापुढे हल्ली जुलै-ऑगस्टपर्यंत दोन-तीन जागा येतात. एखाद्या खासगी विद्यापीठाचं पत्र आधीच आलेलं असतं, ‘जोसा’तून, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेतून, दूरच्या एनआयटीत जागा लागलेली असते आणि राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या (कॅप) फेरीत पुण्या-मुंबईचं एखादं कॉलेज टप्प्यात दिसत असतं. तिन्हींच्या तारखा वेगळ्या, पैसे भरायच्या मुदती वेगळ्या. सल्ला द्यायला मामा, क्लासचे सर आणि आयटीतला शेजारी हजरच असतात. चर्चा कुठूनही सुरू होवो, ती एका वाक्यावर येऊन थांबते: ज्याचा कट-ऑफ वरचा, ते कॉलेज चांगलं.

हे वाक्य जरा तपासून पाहू.

कट-ऑफ म्हणजे त्या शाखेत सर्वांत शेवटी जागा मिळालेल्या विद्यार्थ्याचा पर्सेंटाइल. तो कॉलेज ठरवत नाही. गेल्या वर्षीच्या मुलांनी ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं ज्या क्रमाने भरली, त्यातून तो उरतो. ते फॉर्म भरताना त्या मुलांनी समोर काय ठेवलं होतं? त्याच्या आदल्या वर्षीचा कट-ऑफ. त्यामुळे या आकड्यातून मागणी कळते, शिकवणं कळत नाही. शिवाय पर्सेंटाइलमधला फरक डोळ्यांना वाटतो तेवढा नसतो. २०२५ मध्ये राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेच्या पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली. म्हणजे एक पर्सेंटाइल मागे-पुढे झाला की चार हजारांवर मुलं इकडची तिकडे होतात. पण दोनशे गुणांच्या त्या परीक्षेत हे अंतर कित्येकदा मोजक्याच गुणांचं असतं, आणि गणिताचा एक प्रश्नच दोन गुणांचा.

मागणी चंचलही असते. २००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉट-कॉम कंपन्या कोसळल्या, तेव्हा कॉम्प्युटरची ओढ ओसरली होती. एके काळी मेकॅनिकलसाठी चढाओढ होती. आज कित्येक कॉलेजांत मेकॅनिकलच्या, सिव्हिलच्या जागा रिकाम्या राहतात आणि ‘एआय-डेटा सायन्स’ची पाटी लागली की रांग लागते. त्यातच तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईने २०२४ पासून एका शाखेच्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा काढून टाकली. सोयीसुविधा दाखवल्या की तुकड्या वाढवता येतात. ज्या कॉलेजच्या कॉम्प्युटर शाखेचं नाव साठ-साठ मुलांच्या दोन तुकड्या असताना झालं, तिथे आज किती तुकड्या आहेत आणि शिक्षक किती वाढले, हे विचारल्याशिवाय त्या नावावर विसंबू नये.

कट-ऑफ अगदीच निरर्थक आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. अंतर मोठं असेल तर तो खरं बोलतो. १८५४ पासून चालत आलेल्या पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या, १८८७ च्या व्हीजेटीआयमध्ये बाकावर शेजारी बसणारी मुलं कशी असतील, हे त्या आकड्यावरून कळतं, आणि चार वर्षांत मूल जेवढं सरांकडून शिकतं तेवढंच शेजाऱ्याकडून शिकतं. कंपन्याही अशी मुलं जिथे जमतात तिथे आधी जातात. पण समुपदेशकापुढे येणारा पेच सहसा असा नसतो. सीओईपीची जागा हातात असताना कुणी सल्ला विचारत नाही. पेच असतो ९६ आणि ९७ च्या मधला. तिथे हा आकडा बाजूला ठेवावा आणि चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, कॉलेज स्वायत्त आहे की संलग्न. एकाच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या दोन कॉलेजांत अभ्यासक्रम तोच, विद्यापीठाच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका तीच आणि पदवीवर नावही त्याच विद्यापीठाचं. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं. चांगल्या हातात या मोकळिकीचं सोनं होतं, ढिल्या हातात नुसतीच गुणांची खैरात होते. तिथे गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून पाहाव्यात.

दुसरी, नोकरीचे आकडे. फ्लेक्सवर झळकणारं ‘सर्वोच्च पॅकेज’ एका मुलाचं असतं. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर टाकतात. प्रवेश किती झाले, ठरल्या वर्षांत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, पुढे शिकायला किती गेले आणि पगाराचा मध्यक किती, हे सगळं त्या फाइलमध्ये असतं. मध्यक म्हणजे पगाराच्या क्रमाने मुलं उभी केली तर अगदी मधल्या मुलाचा पगार. आपलं मूल त्याच्या आसपास कुठेतरी असणार, असं धरून चालावं. हे आकडे पूर्ण संस्थेचे असतात, म्हणून शाखेचे आकडे प्लेसमेंट सेलकडे वेगळे मागावेत.

तिसरी, शिक्षक. एआयसीटीईचा निकष वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. शाखेत कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे थेट विचारावं. सरकारी कॉलेजांतही पदं रिक्त असतात, त्यामुळे ‘सरकारी’ ऐकून हा प्रश्न गाळू नये.

चौथी, तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. पहिल्या वर्षाचा मुलगा अजून नवलाईत असतो आणि चौथ्या वर्षाचा नोकरीच्या धावपळीत. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला कॉलेज कसं आहे, असं विचारू नका. ‘चांगलं आहे’ एवढंच कळेल. गेल्या सेमिस्टरला लॅबमध्ये एका टेबलावर किती जण होतात, संध्याकाळी पाचनंतर वर्कशॉप उघडं मिळतं का, अडलं तर कोणत्या सरांकडे जातोस, असं विचारा. शेवटच्या प्रश्नाला त्याने चटकन दोन नावं घेतली, तर ते कॉलेज बरं समजावं.

आता पैशाकडे येऊ. दोन कॉलेजांची तुलना करताना बहुतेक घरांत एका वर्षाची फी मांडली जाते. मांडायला हवा चार वर्षांचा खर्च: ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, खोली, मेस, येण्या-जाण्याचं भाडं आणि कर्ज काढलं तर शिकत असतानाच चढत जाणारं व्याज. सवलतीही जागेगणिक बदलतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून कॅपमधून घेतलेल्या प्रवेशावर ट्यूशन आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तीच मुलगी मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात गेली, तर ही माफी मिळत नाही. टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेच्या जागेवर ट्यूशन फी नसते, पण फॉर्ममध्ये तिचा चॉइस कोड वेगळा असतो आणि तो भरायचाच अनेकांकडून राहून जातो.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. फी माफ, जागा चांगली, आणि तरी ‘घरापासून लांब नको’ म्हणून तालुक्याचं कॉलेज घेतलेलं मी दर वर्षी पाहतो. अशा वेळी वडिलांना मी एवढंच विचारतो की, मुलगा असता तर हाच निर्णय घेतला असता का?

ऑप्शन फॉर्मबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण कॅपमध्ये निवड बरीचशी तिथेच होऊन जाते. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये कॉलेजप्रवेशाचं एक गणित मांडलं. शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हेच काम होतं. ‘जोसा’चं जागावाटप त्याच पद्धतीवर चालतं. त्यातून निघणारा सल्ला सोपा आहे आणि कॅपलाही लागू पडतो: क्रम मनापासूनच्या आवडीचा द्या. वरच्या जागेची मागणी केली म्हणून खालची हुकत नाही. कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने यादी भरणं म्हणजे आपल्या फॉर्मवर इतरांची आवड लिहून देणं. कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे तोच पक्का धरला जातो. २०२५ च्या नियमांत दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा पर्याय असे फ्रीझ होत होते. बेटरमेंटला, म्हणजे वरच्या पर्यायाच्या आशेने, थांबलात आणि तो लागला, तर हातातली जागा जाते. म्हणून ज्या जागेवर प्रत्यक्षात जाणार नाही, ती यादीत वर ठेवू नये.

एवढं करूनही दोन जागा जवळपास सारख्याच वाटल्या, तर मी स्वस्त जागेच्या बाजूने मत देतो. पालकांना ते कधी कधी कमीपणाचं वाटतं. पण वाचलेले पैसे चार वर्षांनी कामी येतात. डोक्यावर कर्जाचा हप्ता असलेला इंजिनिअर मिळेल ती पहिली नोकरी धरतो. हप्ता नसलेला सहा महिने थांबू शकतो, गेटची तयारी करू शकतो, नको त्या कामाला नाही म्हणू शकतो. एका पर्सेंटाइलने वर असलेल्या कॉलेजातून ही मोकळीक मिळेल, याची खात्री कोणताही कट-ऑफ देत नाही.