चोवीस अक्षरांचें नांव

वर्गाची यादी छापण्याकरितां आम्हीं सी भाषेंत एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. ही भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत घडविली. तिच्यांत संगणकाच्या स्मृतींतील जागा ज्याची त्यानें मागून घ्यावयाची असते. मागणीचा शब्द ‘मॅलॉक’, परतीचा ‘फ्री’. मागतांना किती बाइट हवेत तें सांगावें लागतें. परत करितांना कांहींच सांगावें लागत नाहीं. मग किती जागा परत आली हें त्या कोठावळ्याला कळतें कसें? हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आलाच नाहीं, आणि तेथेंच आम्ही फसलों.

सर्व नांवांची जागा आम्ही आधीं मागून ठेवीत असूं, व नांव छापून झालें कीं एकेक परत करीत असूं. दोन वर्षें सर्व सुरळीत चाललें. तिसऱ्या वर्षीं यादी मध्येंच तुटूं लागली. एका विद्यार्थ्याचें पूर्ण नांव रोमन लिपींत, मधल्या मोकळ्या जागा धरून, बरोबर २४ अक्षरांचें होतें. यादी थांबे ती मात्र त्याच्या पुढच्या मुलापाशीं! त्याहून लांब, पंचवीस अक्षरांचें नांव सुखानें छापलें जाई, हें आणखी नवल. निकालाचा दिवस जवळ आला होता. आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून वडिलांच्या नांवांतील एक अक्षर गाळावयास सांगितलें. “बरें, सर,” एवढेंच तो म्हणाला. यादी छापली गेली.

सुटींत आम्हीं शोध केला. लिनक्सवर चालणाऱ्या जीएनयूच्या सी लायब्ररीचा कोठावळा ६४-बिट यंत्रावर प्रत्येक तुकड्याच्या अगदीं आधीं ८ बाइटांत त्याचें माप लिहून ठेवितो व परतीच्या वेळीं तेंच वाचतो. तुकडे तो सोळाच्या पटींतच कापतो. म्हणून थोडें मागितलें तरी २४ बाइट वापरावयास मिळतात, त्यापुढें एकदम ४०. आतां, सी भाषेंत नांवाच्या अखेरीस एक शून्य लिहिलें जातें, आणि त्याची जागा मागावयास आम्ही विसरलों होतों. लहान नांवांत तें शून्य उरलेल्या जागेंत लपे, पंचविसांतहि लपे. चोविसांत तेवढी फट नव्हती. तें शेजारच्या तुकड्याच्या मापावर जाऊन पडे, व तो तुकडा परत करूं गेलें कीं कोठावळा खोटें माप पाहून सर्व कामच बंद करी.

दुरुस्ती एका बाइटाची होती. आम्हीं त्या मुलाच्या वडिलांस भेटून हा प्रकार सांगितला. ते हंसले, मग थोडे थांबून म्हणाले कीं, निकालपत्रावर आपलें नांव अपुरें पाहून त्यांनीं मुलालाच दोष दिला होता, व मुलानें आमचें नांव घेतलें नव्हतें.

नवें निकालपत्र आम्हीं त्याच दिवशीं छापून दिलें. त्यावर चोवीसहि अक्षरें आहेत.