चार मिलिमीटर सावली

खडकी, सोमवार रात्र

आई,

पोचले. मळवलीला बसायला जागा मिळाली, पण तळेगावनंतर मांडीवर कुणाचं तरी पोर. बसमध्ये पाचशेची नोट काढली तर कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "शाळेत सुट्टे ठेवायला शिकवत नाहीत का?" उत्तर आत्ता सुचतंय, काय उपयोग!

आयुका, ती खगोलशास्त्राची संस्था, बघितली. आर्यभट, न्यूटन, गॅलिलिओ, आइनस्टाइन यांचे पुतळे अंगणात आहेत, फूकोचा लंबक आहे. इथे वर्ग नाही, अभ्यासक्रम नाही. शुक्रवारपर्यंत एका शास्त्रज्ञ ताईंबरोबर काम करायचं आणि अहवाल द्यायचा. माझ्या गटातली बाकीची पाचही पुण्याची. डबा खाताना बोलणं एकच, अर्जांचं. नोव्हेंबरात ऑलिंपियाडची पहिली परीक्षा, त्यातून पुढची, त्यातून मानखुर्दला होमी भाभा केंद्राचं शिबिर. एकीची तर अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिराची फाइल तयार आहे, शिफारसपत्रांसकट. मला विचारलं, "तुझी निवड कशी झाली?" सायलीच्या नि माझ्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून, हे सांगायला जीभ रेटेना. शाळेनं पाठवलं म्हटलं.

सायली बोलते का गं तुझ्याशी?

आत्याच्या आमटीत गूळ असतो, रोज. बाहेर करवंदं तीस रुपयांना द्रोण, तीही हिरवट.

मंगळवार दुपार

घाईत लिहितेय, आत्याचा दादा उद्या पहाटे लोणावळ्याला कामाला जाताना हे पत्र देईल.

या आठवड्यात पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कार्लं थोडं उत्तरेला, म्हणून आपल्याकडे हे जवळपास एक दिवस उशिरा. इथे शून्य असेल तेव्हा तिथे एक मीटरच्या काठीला चारेक मिलिमीटर सावली पडेल, इंद्रायणी तांदळाच्या दाण्याहून कमी. एराटोस्थेनिसने दोन हजारांवर वर्षांपूर्वी अशाच सावलीवरून पृथ्वी मोजली होती. मी म्हटलं, आपणही मोजू. ताई म्हणाल्या, "मोज की. पण कार्ल्यात काठीजवळ कोण बसणार?"

सायलीला सांग. लेण्याच्या पायऱ्यांवर त्या वेळी गिऱ्हाईक असतं, तरी गुरुवारी तासभर आजीला दुकानात बसू दे. काठी अंगणात, खाली कागद, बाबांच्या पेटीतला ओळंबा लावून सरळ. १२:२० पासून १२:४५ पर्यंत दर पाच मिनिटांनी खूण. सूर्य म्हणजे ठिपका नाही, थाळी आहे, म्हणून सावलीची कड पुसट येते. चार मिलिमीटर त्या पुसटपणातच बुडायचे. तरी दिसेल तेच लिहायला सांग, बरोबर यावं म्हणून दुरुस्त करू नको म्हणावं.

मी सांगितलं असं म्हणू नकोस. नाही, म्हण.

गुरुवार रात्र

१२:२५ ला ढग आले. पाऊस नाही, वारा नाही, नुसते ढग, एक वाजेपर्यंत. आमच्या सहाही काठ्या तशाच उभ्या. रडू आलं, पण आइनस्टाइनसमोर कसं रडणार.

संध्याकाळी दादानं सायलीचा कागद आणला. तिच्याकडे लख्ख ऊन होतं. सहा खुणा आहेत. साडेबाराच्या खुणेपाशी लिहिलंय, "चार की सात कळत नाही. दोन्ही लिहिलेत." खाली माझ्यासाठी एक शब्द नाही.

ताईंनी तो कागद बराच वेळ पाहिला. पृथ्वी यातून निघणार नाही, पण का निघत नाही ते लिहा म्हणाल्या. अहवालात मोजमापाचा कागद एकच आहे आणि तो कार्ल्याचा. नावं किती घालायची विचारलं, तर म्हणाल्या, "ज्यांनी मोजलं त्यांची आधी."

उद्या संध्याकाळच्या लोकलनं येते. मळवलीला बाबांना पाठव. सायलीकडून करवंदं मी स्वतःच घेईन.